मोठ्या शहरातले चिनी जेवण



गेल्या वर्षी याच व्यासपीठावर आम्ही विडी कामगारांच्या किमान वेतनावर दीड तास बोललो. भाषण संपल्यावर अध्यक्षांनी प्रश्न विचारावयास सांगितले. वेतनाविषयी कोणी एक अक्षर विचारले नाही. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं मुंबईले वरचेवर जाणं असते. आमची पोरगी आता तिकडे नोकरीले लागली. तिच्याकडे गेलो की म्हणते, बाबा, आज चायनीज खाऊ. तर मुंबईत चांगलं चायनीज कुठं भेटते, तेवढं सांगा." सभा हसली. आम्हीही हसलो आणि वेळ मारून नेली. व्याख्यानमालेचे चालक मात्र मोठे हिशेबी. यंदाच्या निमंत्रणपत्रात त्यांनी हाच विषय घातला आणि खाली लिहिले की, उत्तर गेल्या वर्षीपासून येणे आहे. हे देणे आज फेडावयाचे आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने जिभेचे चोचले पुरविण्यावर व्याख्यान द्यावे, हे काहींना रुचणार नाही. त्यांना आम्ही एवढेच म्हणू की, जेवण आपोआप शिजत नाही. कोणीतरी ते चुलीसमोर उभे राहून शिजवते. त्या उभ्या राहणाऱ्याची चौकशी करणे हा तर आमचा जन्माचा धंदा. आणि गेल्या वर्षभरात या प्रश्नाच्या मागे लागलो असता आम्हाला असे दिसून आले की, मोठ्या शहरात चांगले चिनी जेवण कोठे मिळते हे सांगावयाचे, तर ते रांधणारे हात कोठून आले आणि कोठे गेले, हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

आता प्रारंभ पाहा. चिनी माणूस महाराष्ट्रात प्रथम उपाहारगृह काढावयास आला, असे नव्हे. महाबळेश्वरला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तेथे एका धबधब्याला 'चायनामन'चा धबधबा म्हणतात. इंग्रजांनी १८३४ साली तेथे चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग काढला होता, तो १८६४ पर्यंत चालला. शंभर-सव्वाशे कैदी. महाबळेश्वरचे बहुतेक रस्ते त्यांच्या हातचे. त्यांनी तेथे बटाटे, मुळे आणि इतर विलायती भाज्या पिकविल्या आणि आसपासच्या लोकांना पिकविण्यास शिकविले. वेताच्या खुर्च्या आणि टोपल्या विणण्याची विद्याही त्यांनीच दिली. आज महाबळेश्वरला जाऊन वेताची टोपली घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, या भूमीवर चिनी माणूस आला तो राबण्यासाठी आला.

कलकत्त्याकडेही असेच घडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, टोंग अच्यू नावाच्या चिनी गृहस्थाने हुगळीच्या काठी बजबजजवळ जमीन मिळवून साखरेचा कारखाना घातला आणि आपल्या मुलखातून मजूर आणले. त्या जागेला आजही अचीपूर म्हणतात. पुढे कलकत्त्यात चिनी वस्ती वाढली. तीत एकेका प्रांताच्या लोकांनी एकेक धंदा धरला. कॅन्टनकडचे लोक सुतारकाम करीत, हक्का लोक कातडी कमावीत आणि जोडे शिवीत, हुपेहकडचे लोक दातांची डॉक्टरी करीत. आपल्याकडे कोष्टी, कासार, ढीवर हे आपापले धंदे धरून बसले, त्याहून हे फार निराळे नाही.

मुंबईत चिनी लोक आले ते मुख्यतः बंदरामुळे. बोटींवर खलाशी, गोदीत सुतार. माझगाव आणि शुक्लाजी स्ट्रीट या बाजूंना त्यांच्या वस्त्या. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनापासून चालत गेल्यास नवाब टँक रस्त्यावर एक जुने दुमजली घर लागते. बाहेरून पाहिले तर कोणा दर्यावर्दी माणसाचे राहते घर वाटावे. आत चिनी देऊळ आहे, १९१९ सालचे. त्याला सी यप कून म्हणतात. सी यप म्हणजे 'चार परगणे': कॅन्टन प्रांतातील ज्या चार परगण्यांतून ही मंडळी आली, त्यांची ही समाईक जागा. खाली करुणेची देवता क्वान यिन, वर क्वान कुंग हा न्यायी योद्धा. परक्या शहरात आपल्या गाववाल्यांनी जमावे, नव्याने आलेल्याची सोय लावावी, मेलेल्याची क्रिया करावी, यासाठी बांधलेले हे घर. गिरणगावात कोकणी गाववाल्यांच्या ज्या खोल्या असत, त्यांचाच हा चिनी अवतार.

या मंडळींतून मुंबईची जुनी चिनी उपाहारगृहे निघाली. चर्चगेटजवळ वीर नरिमन रस्त्यावर 'कामलिंग' निघाले, ते स्वातंत्र्यापूर्वीचे. गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला 'नानकिंग' होते. ते लिंग कुटुंबाचे. ते बंद पडले, पण त्याच कुटुंबाने रीगल सिनेमाच्या मागे 'लिंग्ज पॅव्हिलियन' काढले. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांनी, ते आज आले असतील तर, ही नावे टिपून घ्यावीत. पण एवढ्यावर उठून जाऊ नये.

आम्ही प्रथम चिनी उपाहारगृहात पाऊल ठेवले ते तिशीच्या आत असताना. गोदी भागात एक सभा होती. ती आटोपल्यावर तिथल्या एका जुन्या साथीने आम्हाला जेवावयास नेले. कोणत्या उपाहारगृहात, ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते एका माणसाचे खाजगी बोलणे आहे. आम्ही शिकलो चौथीपर्यंत, पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर. जे वाचले नाही ते ठाऊक नाही, अशी आमची अवस्था. गल्ल्यावर एक वृद्ध चिनी गृहस्थ बसले होते. आम्ही मोठ्या आत्मीयतेने, चिनी क्रांतीविषयी जे काही वाचले होते ते सारे मनात घोळवीत, त्यांना विचारले, "तुम्ही चीनमधून कधी आलात?"

त्यांनी आमच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि स्वच्छ मुंबई मराठीत म्हटले, "माझा जन्म माझगावचा. तुमचा?"

"भंडारा जिल्हा. पवनी."

"म्हणजे मुंबईत परके तुम्ही," ते म्हणाले आणि त्यांनी बिलाचे उरलेले पैसे मोजून दिले.

आमचे साथी खदखदून हसले. आम्ही ओशाळलो. मग ते वृद्ध गृहस्थही थोडे हसले आणि बोलू लागले. बोलता बोलता म्हणाले, "बासष्टनंतर आम्हाला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. शहराबाहेर जावयाचे तर परवानगी. माझ्या भावाला ते सोसवले नाही, तो देश सोडून गेला. मी स्वयंपाक करीत राहिलो. लोकांना चीनचा राग होता, पण नूडल्सचा नव्हता." हे शेवटचे वाक्य आम्ही तेव्हा गमतीचे समजून घरी येऊन सांगत असू. त्याचा अर्थ कळावयास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

श्रोतेहो, आता थोडे उपाहारगृहाबाहेर जावे लागेल. राजस्थानात कोट्याच्या बाजूला देवळी नावाचे गाव आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नाव नवे नाही. १९४० आणि १९४१ मध्ये इंग्रज सरकारने तेथील छावणीत राजबंदी ठेवले होते. कॉम्रेड डांगे तेथे होते, रणदिवे होते, जयप्रकाश होते. १९४१ च्या अखेरीस बंद्यांनी तेथे उपोषण केले आणि ते देशभर गाजले. आमच्या तरुणपणी अभ्यासवर्गात देवळीचे नाव निघाले की आवाज आपोआप चढत असे. परंतु त्याच देवळीच्या बराकींत पुढे आणखी कोणाला ठेवले, हे त्या अभ्यासवर्गात आम्हाला कोणी सांगितले नाही.

१९६२ च्या २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. एका महिन्याचे युद्ध. त्याच नोव्हेंबरात आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या बाजूंनी राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांना घराघरांतून उचलण्यात आले. म्हातारी माणसे, बायका, तान्ही मुले. पुष्कळांचा जन्म येथलाच. कित्येकांच्या आया आसामी, खासी, नेपाळी. त्यांना आगगाडीत घालून कित्येक दिवसांच्या प्रवासाने देवळीला नेले. एकूण तीन हजारांच्या घरात लोक होते. कोणावर खटला नाही, कोणाचा गुन्हा सिद्ध नाही. १९६३ साली चीन सरकारने जहाजे पाठवून त्यांपैकी दोन हजारांहून अधिक लोकांना मद्रास बंदरातून नेले. त्यांतल्या पुष्कळांनी तो देश कधी पाहिलेला नव्हता. उरलेल्यांपैकी काहीजण १९६७ पर्यंत देवळीतच होते. सुटून घरी परत आले तो घरात दुसरेच राहत होते, दुकानाचा माल लिलावात गेला होता.

हे आम्हाला कसे कळले? २०२० साली जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचे 'द देवलीवालाज' नावाचे इंग्रजी पुस्तक निघाले. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. आम्ही ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. देवळीतून सुटलेल्यांच्या आठवणींत जेवणाचा उल्लेख वारंवार येतो. आरंभी मोठमोठ्या भांड्यांत एकत्र रांधलेला कच्चापक्का भात वाढीत. पुढे शिधा मिळू लागला, तेव्हा एकेक कुटुंब आपले आपण रांधू लागले. भात खाणाऱ्या मुलखातल्या माणसाला कच्च्या भाताचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. ते पान वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि आमच्या माझगावच्या त्या वृद्ध गृहस्थांची आठवण झाली.

आमची चळवळ त्या वेळी काय करीत होती, असे कोणी विचारील. आमची मंडळी त्या वेळी चीन बरोबर की चूक, यावर आपसांत भांडत होती. कित्येकजण स्वतःच तुरुंगात होते. दोनच वर्षांनी, १९६४ साली, पक्षाचे दोन तुकडे झाले. आसामातल्या चिनी सुताराकडे पाहावयास कोणालाही सवड नव्हती. विशेष म्हणजे याच आपल्या विदर्भातून, नागपूरहून, डॉक्टर चोळकर १९३८ साली सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांबरोबर चीनच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करावयास गेले होते. चोळकर परत आले. कोटणीस तेथेच १९४२ साली वारले. त्यांच्यावर शांतारामबापूंनी चित्रपट काढला, तो सर्वांना ठाऊक आहे. देवळी कोणाला ठाऊक नाही.

असो. आता पुन्हा जेवणाकडे येऊ.

१९६२ नंतर चिनी वंशाच्या माणसाला पूर्वीचे धंदे कठीण झाले. बोटीवर, गोदीत, रेल्वेत त्याच्याकडे संशयाने पाहत. उपाहारगृह हा मात्र असा धंदा की, गिऱ्हाईक स्वतः चालत येते आणि पोटाला भूक असेतोपर्यंत वंश विचारीत नाही. त्या म्हाताऱ्याच्या वाक्याचा अर्थ हा होता. कलकत्त्यात पुढे आणखी एक तडाखा बसला. टांगरा भागात हक्का लोकांच्या कातडी कमावण्याच्या शेकडो टॅनऱ्या होत्या. गंगेच्या प्रदूषणावरून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये त्या शहराबाहेर बानतला येथे हलविण्याचा हुकूम केला. हुकूम नदीच्या दृष्टीने योग्यच होता. पण पिढ्यान् पिढ्यांचा धंदा उठला. टांगऱ्यात त्यापूर्वीही काही खाणावळी होत्या. आता टॅनरीच्या आवारात घरचीच चूल मोठी करून आणखी कित्येकांनी खाणावळी थाटल्या. कलकत्त्याला जाणारे खवय्ये 'टांगरा' म्हणून ज्याचे कौतुक करतात, त्यातले पुष्कळसे या मोडलेल्या धंद्याच्या जागेवर उभे आहे.

तुम्हाला हे ओळखीचे वाटत असेल, तर त्याचे कारण नागपुरात आहे. नागपूरची सावजी भोजनालये पाहा. ती विणकरांची. हातमाग बसला, गिरण्याही बंद पडल्या. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिलसुद्धा राहिली नाही. मागावर बसणाऱ्या घरांनी आपला तिखट रस्सा रस्त्यावर आणला आणि आज बडे बडे लोक घाम पुसत तो खातात. मुंबईतही तेच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मिटलाच नाही. त्यानंतर गिरणगावातल्या घरोघरच्या चुली फुटपाथवर आल्या. कोणी वडापाव तळू लागला, कोणाची बायको डबे करून देऊ लागली, आणि पुढे त्याच फुटपाथवर तांबड्या रंगाच्या, ड्रॅगनचे चित्र काढलेल्या चायनीजच्या गाड्या दिसू लागल्या. धंदा बुडाला की माणूस जे हाताशी आहे ते घेतो, आणि हाताशी बहुधा कढई असते.

आता कोणी म्हणेल, गाडीवरचे ते कसले चिनी! शुद्ध चिनी जेवण वेगळेच. येथे आमचे मत थोडे निराळे आहे.

तुम्ही ज्याला मांचुरियन म्हणता, ते मांचुरियात कोणाला ठाऊक नाही. ते मुंबईचे आहे. नेल्सन वांग नावाचे कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातले गृहस्थ १९७० नंतरच्या दशकात मुंबईला आले. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या उपाहारगृहात कोणी गिऱ्हाइकाने काही नवे करून दे म्हणून सांगितले. त्यांनी कोंबडीच्या तुकड्यांना आपल्याच पद्धतीने आले, लसूण, हिरवी मिरची घातली. मात्र गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि वर मक्याच्या पिठाचा लेप. ही हकीकत त्यांनीच पुष्कळदा सांगितली आहे. पुढे त्यांनी केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' काढले आणि तो पदार्थ भारतभर पसरला. आज तुमच्या बसस्टँडसमोरच्या गाडीवर कोबीचे गोळे करून मिळतो, तो त्याचाच नातू.

शेजवानचेही तसेच. चीनमध्ये सिचुआन नावाचा प्रांत आहे. तेथील तिखट जेवण मुंबईत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणले ते ताजमहाल हॉटेलातल्या 'गोल्डन ड्रॅगन'ने, १९७० नंतरच्या दशकात. सिचुआनच्या तिखटाची खूण मिरची ही नव्हे. तेथे एक लहानसे फळ वापरतात, ज्याने जिभेला झिणझिण्या येऊन ती बधिर होते. कोकणातली माणसे माशांच्या आमटीत तिरफळ घालतात, ते त्याचेच भाऊबंद. आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसते. लाल मिरची, लसूण आणि तेल एवढेच. म्हणजे ती ठेच्याचीच बहीण. ती सिचुआनची म्हणून खाऊ नका. आपली म्हणून खा. चांगली असते. चायनीज भेळ तर सर्वस्वी मुंबईची. तिच्यात चिनी काही असेल तर तळलेल्या नूडल्स.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येत नाही, ते तीन ठिकाणी वाटले गेले आहे. जुन्या कॅन्टनी घराण्यांच्या उपाहारगृहात गेलात, तर तेथे मांचुरियन मागू नका. ते देतील, कारण गिऱ्हाईक मागते. पण त्यांच्या हाताची परीक्षा त्यात होत नाही. वाफेवर शिजवलेला मासा मागा, वर नुसते आले, कांद्याची पात आणि थोडा सोया सॉस असलेला. मासा शिळा असेल तर तो कशानेही झाकत नाही. पाल्याची भाजी मागा, लसणावर परतलेली. सूप मागा ते पातळ, ज्याच्या तळाशी वाटी दिसेल असे. शाकाहारी मंडळींनी टोफू मागावा. ते सोयाबीनच्या दुधाचे पनीरच. आणि सोबत पांढरा भात. हे साधे जेवण ज्याला साधले, त्याला बाकी सारे साधते. शक्य असेल तर वाढणाऱ्याला हळूच विचारावे, "आत घरची माणसे आज काय जेवली?" आम्हाला या एका प्रश्नाने जे जेवण मिळाले, ते छापील यादीत नव्हते.

आपले भाग्य असे की, भंडारा रोड स्टेशनावर उभे राहिले असता एका बाजूला गाडी मुंबईस जाते, दुसऱ्या बाजूला हावड्यास. ज्यांना खरोखर आवड आहे त्यांनी एकदा उलट्या दिशेने जावे. कलकत्त्यात पोद्दार कोर्टाजवळ टिरेट्टी बाजारात रविवारी पहाटे चिनी न्याहरी मिळते. वाफवलेले मऊ पाव, आत मांसाचे सारण. माशाच्या गोळ्यांचे सूप. उजाडल्यावर तासा-दोन तासांत सारे संपते. तेथे चिनी विक्रेते आता थोडेच राहिले आहेत. त्यांची मुले कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेली. तेव्हा जावयाचे असेल तर फार लांबणीवर टाकू नये.

आता फुटपाथवरची गाडी. तिची परीक्षा तळलेल्या भातावर करावी. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला भात कोणी शिकवू नये. शिळ्या भाताला फोडणी देणे हे आपल्या घरोघरचे काम, आणि चिनी तळलेला भात म्हणजे दुसरे काय आहे? भात आधी शिजवून गार झालेला हवा. गरम भात टाकला की त्याचा लगदा होतो. कढई पातळ लोखंडी, गोल बुडाची, चांगली तापून धूर निघणारी. ज्वाला एवढी मोठी की भात उडवला म्हणजे क्षणभर ज्वालेतून जावा. कॅन्टनी लोक त्या करपट, खमंग वासाला 'कढईचा श्वास' म्हणतात. आणि एका वेळी दोन माणसांपुरताच भात. जो गाडीवाला एका कढईत दहा माणसांचा भात ढवळतो, त्याचा भात वाफेवर बसतो, परतला जात नाही. सोया सॉसकडेही लक्ष असावे. खरा सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवतात. स्वस्तातला सॉस सोयाबीन आम्लाने फोडून, वर जळक्या साखरेचा रंग देऊन चार दिवसांत होतो. भात काळा दिसला आणि नुसता खारट लागला, तर तो दुसरा समजावा. विदर्भात शेते सोयाबीनने भरलेली आणि आम्ही बाटलीतले काळे पाणी विकत घेतो, हा निराळा विषय. त्यावर पुढच्या वर्षी कृषी खात्यातल्या कोणा गृहस्थांना बोलवावे.

अजिनोमोटोचे विचारतील म्हणून सांगतो. ते विष नव्हे. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने समुद्रातल्या शेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली. टमाट्यातही ती असते. आमची तक्रार दुसरी आहे. हाडांचे सार चार तास उकळावयाचे, ते न करता चिमूटभर पांढरी पूड टाकून काम भागवितात. पण गाडीवरच्या पोराला चार तास सार उकळावयास कोण देतो?

आणि तो पोरगा, ज्याच्यासाठी एवढे पुराण सांगितले, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. दुपारी दोनला भाज्या चिरावयास बसतो, रात्री एकला कढई घासतो. एवढ्या मोठ्या ज्वालेसमोर सहा-सात तास उभा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तेलाचे डाग. कढई एका हाताने उडवून उडवून मनगट आणि खांदा तिशीतच धरतो. साप्ताहिक सुट्टी नाही, हजेरीपट नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. गाडीवर चार माणसे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो जवळजवळ नाहीच. विडी कामगार घरात बसून विडी वळतो म्हणून तो कामगारच नव्हे, असे एके काळी मालक म्हणत. १९६६ साली कायदा होऊन घरी विडी वळणारासुद्धा कामगार ठरला. चायनीजच्या गाडीवरच्या पोरासाठी अजून तसे कोणी भांडलेले नाही. आम्ही चार-दोन ठिकाणी प्रयत्न केला. पोरे म्हणतात, "कामरेड, उद्या मालक दुसरा आणील." खरेच आणतो.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही मुंबईत होतो. दादरच्या बाजूला रात्री अकराच्या सुमारास एका गाडीपाशी थांबलो. विशीतला पोरगा कढई चालवीत होता. त्याच्या बोलण्यात 'भाऊ' आणि 'काहून' ऐकू आले, तेव्हा विचारले. तो आपल्याच पवनी तालुक्याचा निघाला. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचा. वडील पूर्वी धान लावीत असत. आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात. पोरगा नागपुरात भांडी घासावयास लागला आणि तेथून मुंबईस आला.

"कढई कोणी शिकवली?" आम्ही विचारले.

"एका नेपाळी उस्तादानं. दोन वर्षं नुसती कांद्याची पात चिरली, मंग हातात कढई देली."

"आणि त्याला?"

"तो कलकत्त्याले होता, टांगऱ्यात. तिथं एका चिनी बुढीच्या हाताखाली. ती भात खराब झाला की झाऱ्यानं मारे म्हणते." पोरगा हसला. "तो मलेबी तसाच मारे."

आम्ही साधा अंड्याचा भात मागितला. त्याने कालचा गार भात हाताने मोकळा केला, कढई धुराला येईपर्यंत थांबला, आणि दोनच माणसांपुरता भात टाकला. पैसे घेईना. आम्ही ते त्याच्या गल्ल्यावर ठेवले. भाताचा दाणा न् दाणा सुटा होता.